नॅनो-औषधे आणि यकृताचा पहारा

पावसाळ्यात बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील रक्ततपासणीच्या लहान प्रयोगशाळांमध्ये डेंग्यूच्या कार्डांचा खप एकदम वाढतो. रुग्णाच्या रक्ताचे किंवा रक्तद्रवाचे दोन-तीन थेंब कार्डाच्या खाचेत सोडले जातात, पंधरा-वीस मिनिटे जातात आणि पांढऱ्या पट्टीवर एक किंवा दोन तांबूस रेघा उमटतात. एक रेघ उमटली तर घरचे लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि दोन उमटल्या तर प्लेटलेटची चौकशी सुरू होते. ती रेघ कशाने रंगते, असे विचारणारे मात्र मला फारसे कोणी भेटलेले नाही. बहुतेक कार्डांत ती सोन्याने रंगलेली असते.

दागिन्यातले पिवळे सोने साधारण वीस ते चाळीस नॅनोमीटर आकाराच्या कणांत विभागले, तर त्याच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाशी अनुनाद साधतात, तो प्रकाश शोषला जातो आणि उरलेल्या प्रकाशामुळे सोने माणकासारखे लाल दिसते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते आणि डीएनएच्या पिळाची जाडी अवघी दोन नॅनोमीटर भरते. असा लाल सोन्याचा द्राव मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये लंडनमध्ये करून दाखवला होता आणि त्याचा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो हेही त्यांनी ओळखले होते. तपासणी-कार्डात या कणांवर प्रतिपिंडे (अँटिबॉडी) चिकटवलेली असतात. रक्तात विषाणूचे प्रथिन असेल तर ते या प्रतिपिंडांत अडकते, सोन्याचा कण त्याच्यासह पट्टीवरून पुढे सरकतो आणि रेघेच्या जागी आधीच बसवून ठेवलेली दुसरी प्रतिपिंडे त्याला धरून ठेवतात. असे असंख्य कण एका ओळीत साठले की डोळ्याला रेघ दिसते. गर्भधारणेची घरगुती चाचणी, मलेरियाचे कार्ड आणि कोविडच्या काळातील रॅपिड अँटिजेन चाचणी यांचे कामही याच तत्त्वावर चालते.

वैद्यकातील नॅनोतंत्रज्ञानाविषयी लिहिताना मी कार्डापासून सुरुवात केली, कारण हे तंत्र आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत कधीच पोचलेले आहे आणि पोचताना त्याने स्वतःचा गाजावाजा केलेला नाही. ते इतके सहज पोचू शकले यामागेही कारण आहे. कार्डावर तो कण कागदावरच राहतो, शरीरात जात नाही. कागदावर कण आपल्या म्हणण्याप्रमाणे वागतो, शरीरात शिरल्यावर मात्र त्याला शरीराच्या म्हणण्याप्रमाणे वागावे लागते. नॅनो-औषधांच्या गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या इतिहासात यश कुठे आले आणि अपेक्षाभंग कुठे झाला, हे मला याच एका फरकावरून सर्वांत नीट समजते.

मी बेळगावात फार्मसीच्या विद्यार्थ्यांना औषधनिर्माणशास्त्र शिकवते. वर्गातील बरीच मुले खानापूर, चिकोडी आणि सीमेपलीकडच्या चंदगड भागातील मराठी शाळांतून आलेली असतात. नॅनो हा शब्द त्यांनी आधी ऐकलेला असतो तो शेतावर. वडिलांनी उसावर फवारायला आणलेल्या नॅनो युरियाच्या बाटलीवर तो छापलेला असतो. अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत सुरुवातीच्या सूत्राप्रमाणे चार टक्के, म्हणजे सुमारे वीस ग्रॅम नायट्रोजन असतो, तर पंचेचाळीस किलोच्या पोत्यात वीस किलोहून अधिक. पानांवाटे नायट्रोजन कितीही कार्यक्षमतेने शोषला जात असला, तरी एक बाटली एका पोत्याची जागा घेते या दाव्यावर अनेक कृषिशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. हा विषय माझा नसल्याने त्यात खोल शिरत नाही, परंतु हे गणित मी मुलांना फळ्यावर जरूर करायला लावते, कारण लेबलावर नॅनो लिहिले म्हणून मात्रेचा हिशेब माफ होत नाही, हे औषधांनाही तितकेच लागू आहे.

मुलांच्या मनातील दुसरे चित्र चित्रपटांतून आलेले असते. रक्तातून पोहत जाणारे एखादे इवलेसे यंत्र गाठ शोधते आणि तेवढीच कापून काढते, असे ते चित्र. या कल्पनेला प्रतिष्ठित पूर्वज आहे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दिलेल्या व्याख्यानात त्यांचे मित्र अल्बर्ट हिब्स यांची एक कल्पना सांगितली होती. शस्त्रवैद्य इतका लहान करता आला की त्याला गिळता येईल, मग तो हृदयात जाऊन बिघडलेली झडप दुरुस्त करील, अशी ती होती. प्रत्यक्षात रुग्णालयात जे आले ते यंत्र नव्हते, ते होते आवेष्टन. औषधाचा रेणू बहुतेक वेळा जुनाच राहिला आणि तो कशात गुंडाळून द्यायचा, हे बदलले.

त्या आवेष्टनाचा शोध काहीसा आडवाटेने लागला. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम १९६० च्या दशकात रक्त गोठण्याच्या संदर्भात फॉस्फोलिपिड या मेदवर्गाचा अभ्यास करत होते. हा मेद पाण्यात मिसळला की त्याचे रेणू आपोआप दुहेरी थरात मांडले जातात आणि त्या थरांच्या पोकळ, बंद गोळ्या बनतात, हे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पेशीचे आवरण ज्या पदार्थाचे, त्याच पदार्थाची ही रिकामी गोळी. तिला लायपोसोम हे नाव मिळाले. आत पाणी, भोवती मेद, म्हणजे पाण्यात विरघळणारे औषध आत बसवता येईल आणि मेदात विरघळणारे औषध भिंतीत, हे लवकरच अनेकांच्या लक्षात आले. तरीही अमेरिकेच्या बाजारात औषध येण्यास तीस वर्षे लागली. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्सिल या औषधाला मान्यता दिली आणि नॅनो-औषधांचा इतिहास सहसा तिथून सांगितला जातो.

डॉक्सिलमधील औषध आहे डॉक्सोरुबिसिन. कर्करोगाच्या वॉर्डात ज्याला लाल सलाईन म्हणतात, तेच. ते प्रभावी आहे, पण हृदयाच्या स्नायूला इजा करते आणि म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचे याला मर्यादा असते. जेरुसलेममधील येहेझकेल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझॉन यांनी ते सुमारे शंभर नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये भरले. भरण्याची युक्ती फार सुंदर आहे. गोळीच्या आत आधी अमोनियम सल्फेटचे द्रावण ठेवायचे. बाहेरून डॉक्सोरुबिसिन भिंतीतून आत जाते, तिथे त्याचा सल्फेटाशी संयोग होऊन स्फटिक बनतात आणि स्फटिक झाल्यावर त्याला बाहेर पडता येत नाही. अशा रीतीने एका गोळीत दहा-पंधरा हजार रेणू कोंडता येतात. गोळीच्या बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या लांब साखळ्या बसवल्या जातात. त्या आपल्याभोवती पाण्याचा थर धरून ठेवतात, त्यामुळे रक्तातील प्रथिने चटकन चिकटत नाहीत आणि गोळी दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहू शकते.

वर्गात या टप्प्यावर हमखास प्रश्न येतो, "मॅडम, पण ते बरोबर गाठीवरच कसं काय जातंय?" याचे पाठ्यपुस्तकी उत्तर जपानमधून आले. १९८६ मध्ये यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी दाखवले की, घाईघाईने वाढलेल्या गाठीतील रक्तवाहिन्यांच्या भिंती फटींच्या असतात आणि तिथला लसीकाप्रवाहही, म्हणजे पेशींभोवतीचा जादा द्रव वाहून नेणारा प्रवाहही, अपुरा असतो, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपतात आणि साचून राहतात. पुढील दोन-तीन दशके हजारो शोधनिबंध या एका आधारावर उभे राहिले. उंदरांत प्रयोग उत्तम यशस्वी होत. उंदराच्या अंगावर काही आठवड्यांत वाढवलेली गाठ आणि माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे वाढलेली गाठ यांच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात, याची आठवण मागाहून झाली. २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्या कणांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले. घरी शंभर रुपये पाठवावेत आणि हातात सत्तर पैसे पडावेत, असा हा व्यवहार झाला.

उरलेले कण कुठे जातात? मोठा भाग यकृतात आणि प्लीहेत (पाणथरीत) जातो. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या कडेने मॅक्रोफेज नावाच्या भक्षकपेशी बसलेल्या असतात आणि रक्तातून वाहत येणारे जिवाणू, म्हाताऱ्या रक्तपेशी, परके कण असे सारे गिळणे हेच त्यांचे काम असते. शंभर नॅनोमीटरचा कण त्यांच्या दृष्टीने विषाणूच्याच मापाचा असतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण त्यांना काही काळ चकवते, पण कायमचे नाही. मग डॉक्सिलचा फायदा काय झाला? अनेक रोगांत रुग्ण त्यामुळे साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा अधिक जगतात असे दिसले नाही, परंतु हृदयाला होणारी इजा निश्चित कमी झाली, कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या घट्ट भिंतींतून एवढी मोठी गोळी सहज बाहेर पडू शकत नाही. त्याऐवजी तळहात-तळपाय लाल होऊन सोलण्याचा नवा त्रास आला. नेम धरून मारणारे औषध अशी ज्याची जाहिरात होते, त्याचे खरे यश काही अवयवांना चुकवण्यात आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते, आणि वृत्तपत्रांतील लेखांत नेमके हेच गाळलेले असते.

आता हेच यकृत आणि हीच प्लीहा उलट बाजूने पाहू. काळा आजार हा वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा रोग बिहार, झारखंड या भागांतला. कर्नाटकात तो आपल्याला भेटत नाही, पण नॅनो-औषधाचे सर्वांत निर्विवाद यश तिथे आहे. या रोगाचा परजीवी राहतो कुठे, तर यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतील त्याच मॅक्रोफेज पेशींच्या पोटात. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे जुने औषध त्याला मारते, पण साध्या रूपात ते देताना रुग्णाला थंडी वाजून हुडहुडी भरते, ताप चढतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. म्हणून एक दिवसाआड थोडे थोडे करत पंधरा सलाईने जवळपास महिनाभर द्यावी लागत. तेच औषध लायपोसोमच्या भिंतीत बसवून शिरेतून दिले की मॅक्रोफेज आपल्या सवयीने लायपोसोम गिळतात आणि औषध थेट परजीवीच्या घरात पोचते. इथे कुठलाही नेम धरावा लागत नाही. शरीराची जी सवय कर्करोगाच्या औषधाला वाटेत अडवते, तीच इथे औषध पोचवते. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूर येथे केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर किलो वजनामागे दहा मिलिग्रॅमची एकच मात्रा मिळालेले ९५.७ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतर बरे होते आणि पंधरा सलाईनांच्या गटात हे प्रमाण ९६.३ टक्के होते. म्हणजे परिणाम जवळजवळ तोच, आणि महिनाभराचा मुक्काम एका दिवसावर आला. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. २०१४ पासून भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली.

आपल्याकडे या औषधाचे नाव घरोघरी झाले ते २०२१ च्या उन्हाळ्यात. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइडे घेतलेल्या रुग्णांत म्यूकरमायकोसिस, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत, तिचा उद्रेक झाला. नाकापासून सायनस, डोळा आणि मेंदूपर्यंत पसरणाऱ्या या बुरशीवर शस्त्रक्रियेबरोबर अ‍ॅम्फोटेरिसिन देणे भागच असते. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले आणि औषधाचे वाटप राज्यवार होऊ लागले. लायपोसोमल इंजेक्शनची कुपी पन्नास मिलिग्रॅमची येते आणि या रोगात मात्रा दर किलोमागे साधारण पाच मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या, आणि हे कित्येक दिवस चालते. एका कुपीला काही हजार रुपये पडत होते. चंदगडपासून गोकाकपर्यंतचे रुग्ण बेळगावच्या रुग्णालयांत येत असताना नातेवाईक औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन या दुकानातून त्या दुकानात, मग कोल्हापूर, हुबळी, पुणे असे फोन लावत फिरत होते. सीमाभागात तर रुग्ण एका राज्याचा, रुग्णालय दुसऱ्या राज्यातले आणि औषधाचा कोटा राज्यवार, अशी आणखी एक गाठ त्यात बसली होती.

त्या काळात साधे अ‍ॅम्फोटेरिसिन त्या मानाने पुष्कळ स्वस्त होते. ते का देत नाहीत, असा प्रश्न लोक रागाने विचारत, आणि तो रास्त होता. उत्तर मूत्रपिंडात आहे. मधुमेहाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर साध्या रूपातील औषधाचे अनेक आठवडे टाकले तर बुरशी जाते पण रुग्ण डायलिसिसवर येण्याची भीती असते. लायपोसोममध्ये औषध भिंतीत घट्ट बसलेले असते. बुरशीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉलकडे त्याची ओढ अधिक असल्यामुळे ते तिथे सुटते आणि आपल्या पेशींतील कोलेस्टेरॉलच्या वाट्याला कमी येते. काही रुग्णांना रोज रक्त तपासून, पोटॅशियमवर लक्ष ठेवून साधे औषधही दिले गेले आणि त्यातून माणसे वाचलीही. म्हणून महाग ते चांगले असा सरळ निष्कर्ष मी काढणार नाही, पण एवढ्या किमतीमागे नुसती पेटंटची हाव होती असेही म्हणवत नाही. शंभर नॅनोमीटरहून लहान, एकसारख्या आकाराच्या निर्जंतुक गोळ्या लाखोंच्या संख्येच्या कुप्यांत भरणे हे गोळ्या दाबण्याच्या यंत्रावर होणारे काम नाही, आणि मागणी अचानक वाढली म्हणून आठवड्यात ते उत्पादन दुप्पट होत नाही.

मॅक्रोफेजच्या याच सवयीचा तिसरा उपयोग आपल्या भागातील हजारो बायकांच्या शिरेत शिरलेला आहे आणि त्याला नॅनो-औषध म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन फार कमी असले आणि गोळ्या सोसत नसल्या की लोहाचे सलाईन लावतात. लोह सुटे रक्तात सोडले तर ते विषारी ठरते. म्हणून त्याच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा काही नॅनोमीटरचा गाभा करून त्याभोवती शर्करेचे वेष्टन देतात. आयर्न सुक्रोज काय किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज काय, दोन्हींची रचना मुळात हीच आहे. मॅक्रोफेज हा कण गिळतात, आत लोह सुटे करतात आणि शरीराच्या नेहमीच्या वाहक प्रथिनाच्या हाती थोडे थोडे सोपवतात. वेष्टन जितके पक्के, तितके लोह सावकाश सुटते आणि तितकी मोठी मात्रा एका वेळी देता येते. आयर्न सुक्रोजसाठी दवाखान्यात अनेक फेऱ्या घालाव्या लागतात, तर फेरिक कार्बोक्सिमाल्टोजची एक हजार मिलिग्रॅमची मात्रा एका बैठकीत जाते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील एखाद्या वाडीवरून बस पकडून येणाऱ्या गर्भवतीच्या दृष्टीने हा फरक रेणूंच्या फरकापेक्षा मोठा आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह रॅपिडआयर्न नावाची चाचणी कर्नाटक व राजस्थानात चालवली, ती नेमकी याच प्रश्नावर होती. मध्यम रक्तक्षय असलेल्या गर्भवतींचे तीन गट करून एकाला नेहमीच्या लोहाच्या गोळ्या आणि उरलेल्या दोन गटांना दोन प्रकारच्या लोहाचे एकेक सलाईन देण्यात आले. नॅनोतंत्रज्ञान म्हटले की आपण बोस्टन नाही तर बंगळुरूकडे पाहतो. आपल्या शहरातील या कामाबद्दल मात्र मराठी वृत्तपत्रांत मी फारच थोडे वाचले.

लसींकडे वळते, कारण कोविडनंतर मेदकण हा विषय सर्वांच्या कानांवर आला. पेशीला प्रथिन बनवण्याचा निरोप देणारा एमआरएनए हा रेणू इतका नाजूक, की शरीरातील विकरे (एन्झाइम) त्याचे काही मिनिटांत तुकडे करतात, आणि ऋण विद्युतभारामुळे तो पेशीच्या आवरणातून आतही जात नाही. फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना यांच्या लसींत तो चार प्रकारच्या मेदद्रव्यांच्या कणात बांधलेला असतो. त्यातील कळीचे मेदद्रव्य रक्ताच्या सामान्य आम्लतेला उदासीन राहते आणि पेशीने कण गिळल्यानंतरच्या आम्लधर्मी पिशवीत धनभारित होऊन पिशवीची भिंत फोडते. त्या फटीतून एमआरएनए बाहेर पडतो. ही कल्पना लसीसाठी जन्मलेली नव्हती. २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या औषधात असेच कण यकृतातील एका सदोष प्रथिनाचे उत्पादन थांबवण्यासाठी वापरले गेले, आणि यकृतच निवडले याचे कारण एव्हाना वाचकांच्या ध्यानात आले असेल. रक्तात शिरताच हे कण एक मेदवाहक प्रथिन अंगावर ओढून घेतात आणि यकृतपेशी त्यांना आपलाच माल समजून आत घेतात. लस मात्र दंडाच्या स्नायूत टोचली जाते, तिला दूर कुठे जायचे नसते. जवळच्या लसीकाग्रंथीपर्यंत पोचली की पुरे. पोचण्याचा प्रश्न ज्याने हुशारीने टाळला, त्याला यश लवकर मिळाले, असे या साऱ्या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसते.

भारतात आपण घेतल्या त्या प्रामुख्याने कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन. कोव्हॅक्सिनच्या पहिल्या मानवी चाचण्यांच्या देशातील बारा केंद्रांत बेळगावचे जीवनरेखा हॉस्पिटल होते. मेदकणांच्या लसी इकडे न येण्यामागे किंमत आणि कायदेशीर अटी होत्याच, पण फायझरच्या लसीला लागणारा उणे सत्तर अंशांचा शीतकपाट हेही एक कारण होते. उन्हाळ्यात वीज जाणाऱ्या आरोग्य उपकेंद्राला ते परवडणारे नाही. या संदर्भात मला टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो आठवतो. आजच्या पिढीला ते सभांचे आणि फिरायला जायचे मैदान म्हणून माहीत आहे. एके काळी तिथल्या संस्थेत देवीची लस तयार होत असे, आणि देशात गोठवून वाळवलेली देवीची लस बनवणाऱ्या चार संस्थांपैकी एक बेळगावची होती. वाळवलेली लस सदतीस अंशांना महिनाभर टिके, म्हणून ती बैलगाडीने आणि पायी खेड्यांत नेता आली आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला. मेदकणांच्या बाबतीत आज तोच प्रश्न पुन्हा उभा आहे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये भारतात आपत्कालीन मान्यता मिळाली. ती दोन ते आठ अंशांत, म्हणजे साध्या लसींच्या फ्रिजमध्ये राहू शकते. तिची पुढील, ओमायक्रॉनसाठीची आवृत्ती वाळवलेल्या रूपात आणि सुईविरहित टोचणीसह आली. साथ ओसरल्यामुळे ती फारशी वापरली गेली नाही, पण गोवर किंवा रेबीजसाठी कधी असे काही झाले तर उपकेंद्रातील सिस्टरना कोणते यंत्र हवे आहे आणि कोणते नको, याचे उत्तर तिने आधीच देऊन ठेवले आहे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर आणि भाजलेल्या त्वचेवर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांच्या पट्ट्या वापरल्या जातात. त्या जिवाणूंना आवर घालतात, पण रक्तपुरवठाच नसलेली जखम चांदीने भरत नाही. सुवर्णभस्मात काही अभ्यासकांना नॅनोमीटरच्या मापाचे सोन्याचे स्फटिक आढळले, त्यावरून आपल्या पूर्वजांना नॅनो-वैद्यक अवगत होते असे व्हॉट्सअ‍ॅपवर ठासून सांगितले जाते. कण लहान असणे ही मोजमापाची बाब आहे. तो रोग बरा करतो की नाही हे रुग्णांवरील चाचणीनेच ठरते, मग तो कण शहापूरच्या वैद्यांच्या खलातून आलेला असो की बोस्टनच्या प्रयोगशाळेतून. हळदीतील कुरक्युमिनचेही तसेच आहे. आतड्यातून ते जेमतेम शोषले जाते म्हणून त्याचे नॅनोरूप विकले जाते, आणि शोषण वाढले एवढ्यावरून गुण आला असे गृहीत धरले जाते.

औषधांच्या दर्जाचा मुद्दा मात्र थोडक्यात सोडण्यासारखा नाही. साध्या गोळीची जेनेरिक आवृत्ती करताना रेणू तोच आहे आणि रक्तात तितकाच चढतो एवढे दाखवले की काम भागते. नॅनो-औषधात रेणू तोच असूनही कणाचा आकार, पृष्ठभागावरील भार, भिंतीची रचना यांपैकी काहीही बदलले तर औषध शरीरात वेगळीकडे जाऊ शकते. २०११ मध्ये अमेरिकेतील एका कारखान्याचे उत्पादन थांबल्यामुळे डॉक्सिलचा तुटवडा झाला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये भारतातील सन फार्माची लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनची आवृत्ती तात्पुरती आयात करू दिली आणि २०१३ मध्ये तपासणीअंती कंपनीच्या जेनेरिक औषधाला रीतसर मान्यताही दिली. म्हणजे हे काम भारतात होऊ शकते याविषयी शंका नाही. भारतात अशा औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०१९ मध्ये आली, त्यांत प्रत्येक नॅनो-औषध स्वतंत्रपणे तपासावे अशी भूमिका घेतलेली आहे. तत्त्वे चांगली आहेत. राज्याच्या औषध प्रयोगशाळेत कणांचा आकार मोजण्याची सोय आणि ते मोजणारा माणूस असेल तेवढीच ती जमिनीवर उतरतील.

दुकानाच्या काउंटरवर बसणार असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांकडून मी एक गोष्ट घोटून घेते. साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनची मात्रा दिवसाला दर किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत, कारण त्यापुढे हृदय थांबण्याचा धोका असतो. लायपोसोमलची रोजची मात्रा साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम असते. दोन्ही कुप्यांवर पन्नास मिलिग्रॅम लिहिलेले असते आणि नावाचा मुख्य भाग एकच असतो. म्हणून चिठ्ठीवर नुसते अ‍ॅम्फोटेरिसिन असेल तर कोणतेही औषध द्यायचे नाही, आधी डॉक्टरांना फोन करून साधे की लायपोसोमल हे विचारायचे, रुग्णाचे वजन विचारायचे आणि उत्तर चिठ्ठीवर वेळेसह लिहून ठेवायचे. कुपी देताना वॉर्डातल्या सिस्टरना सांगायचे की हे पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळा, मिठाच्या सलाईनमध्ये घातले तर औषध खाली बसेल.